फारोचं मन कठीण कोणी केलं?

बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकात, आठव्या अध्यायात, मिसर देशावर बेडकांची धाड येते. नाईल नदीतून निघालेले बेडूक राजवाड्यात शिरतात, बिछान्यावर चढतात, भट्टीत आणि कणीक मळायच्या परातीतही जाऊन बसतात. फारो, म्हणजे मिसरचा राजा, टेकीला येतो. इस्राएली लोकांचा नेता मोशे याला बोलावून म्हणतो, तुझ्या देवाला विनंती कर, हे बेडूक घालव, मग मी तुझ्या लोकांना सोडतो. मोशे विचारतो, कधी करू विनंती? वेळ तुम्हीच सांगा.

फारो म्हणतो, “उद्या.”

संडे स्कूलमध्ये या जागी आम्ही मुलं खिदळायचो. अंथरुणात बेडूक आहेत आणि हा बाबा उद्याचा वायदा देतोय! पण पुढची ओळ खरी पाहण्यासारखी आहे. बेडूक मरतात, लोक त्यांचे ढीगच्या ढीग रचतात, देशभर घाण सुटते. मग लिहिलंय की, उसंत मिळाली हे पाहताच फारोनं आपलं मन जड केलं. त्रास होता तोवर विनवणी, त्रास सरला की पहिले पाढे पंचावन्न.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. माणूस हट्टी आहे, हट्टाची फळं भोगतो. पण याच पुस्तकाची चार पानं मागे उलटली की चौथ्या अध्यायात देव मोशेला आधीच सांगून ठेवतो: मी त्याचं मन कठीण करीन, म्हणजे तो लोकांना जाऊ देणार नाही. सातव्या अध्यायात पुन्हा तेच. मग प्रश्न उभा राहतो, आणि तो बायबल वाचणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. मन देवानंच कठीण केलं असेल, तर शिक्षा फारोला का? हात बांधून विहिरीत ढकलायचं आणि पोहला नाही म्हणून दंड करायचा, हा कुठला न्याय?

प्रश्न चावट नाही. येशूचा प्रेषित संत पौल यानं स्वतः तो आपल्या पत्रात एका काल्पनिक विरोधकाच्या तोंडी घातलाय. त्याच्याकडे येऊच. आधी मूळ गोष्टीत शब्द नेमके काय आहेत ते बघू, कारण निम्मा गोंधळ भाषांतरातला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. दुष्काळात मिसरात आलेली इस्राएली माणसं तिथे वाढली, तशी राज्यकर्त्यांना त्यांची भीती वाटू लागली. त्यांना वेठबिगारीला जुंपलं, विटा पाडायला लावल्या. तरी संख्या कमी होईना, तेव्हा एका फारोनं हुकूम काढला की त्यांचे जन्मलेले मुलगे नदीत टाका. शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणींनी त्याआधीच राजाचा असला एक हुकूम मोडला होता. त्यांची नावं पुस्तकात आहेत, फारोचं नाव मात्र संपूर्ण निर्गमात कुठेच नाही. हा फारो मेला, दुसरा आला. मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन त्याच्यापुढे उभे राहिले: आमच्या लोकांना तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊन देवाची उपासना करू दे. फारो म्हणाला, “परमेश्वर कोण, की मी त्याचं ऐकावं?” त्याच दिवशी त्यानं मुकादमांना हुकूम दिला की विटांसाठी यांना पेंढा पुरवू नका, त्यांचा त्यांनी गोळा करावा. विटांचा आकडा मात्र तेवढाच राहील. मग मिसरवर एकामागून एक दहा पीडा आल्या, बेडूक त्यांतलीच एक.

(हे सगळं इतिहासात घडलं का, कोणत्या फारोच्या काळात, हा वेगळा आणि न मिटलेला वाद आहे. मिसरी लेखांत ‘इस्राएल’ हे नाव पहिल्यांदा नक्की दिसतं ते इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या मेरनेप्ताहच्या शिलालेखात, आणि त्यात या गोष्टीचा मागमूस नाही. आपला प्रश्न गोष्टीच्या आतला आहे.)

तीन शब्द, एक भाषांतर

मराठी भाषांतरांत ‘मन कठीण केलं’, ‘हट्टी झालं’, ‘कठोर केलं’ अशा शब्दांवर साधारणपणे भागतं. मूळ हिब्रूत मात्र तीन वेगवेगळी क्रियापदं आहेत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला बायबलचं भाषांतर करण्यात इतकी वर्षं का घातली असावीत, ते अशा जागा पाहिल्या की कळतं.

पहिलं क्रियापद ‘हाझाक’. अर्थ बळकट होणं, घट्ट होणं. हा शब्द एरवी चांगल्या अर्थानंही येतो. ‘खंबीर हो, हिंमत धर’ असं मोशेनंतरच्या नेत्याला, यहोशवाला सांगितलं जातं तिथे हाच शब्द आहे. दुसरं ‘काबेद’, म्हणजे जड होणं. तिसरं ‘काशा’, म्हणजे ताठ, कडक होणं. चौथ्या ते चौदाव्या अध्यायांत फारोच्या संदर्भात हे शब्द मिळून वीस वेळा येतात: हाझाक १२ वेळा, काबेद ६ वेळा, काशा २ वेळा.

आता कर्ता कोण ते पाहा. दहा ठिकाणी कर्ता देव आहे. चार ठिकाणी स्वतः फारो. उरलेल्या सहा ठिकाणी कर्ताच नाही, नुसतं ‘त्याचं मन घट्ट राहिलं’, ‘जड आहे’ असं वर्णन. म्हणजे हिशेब बरोबर दहा-दहाचा. लेखकानं किंवा संपादकानं हा तोल जाणून साधला असेल का? मला तरी योगायोग वाटत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हिब्रूत ‘लेव’ म्हणजे हृदय, पण ते प्रेमाबिमाचं ठिकाण नाही. माणूस विचार करतो, ठरवतो, इरादा बांधतो ते ठिकाण. आपल्याकडचा ‘अंतःकरण’ हा शब्द त्याला बराच जवळचा. त्यामुळे फारो निर्दय झाला एवढंच गोष्टीला सांगायचं नाही. त्याचा निर्णय आता हलत नाही, असं ती सांगते.

शब्दांपेक्षाही महत्त्वाचा आहे त्यांचा क्रम. पाण्याचं रक्त, बेडूक, चिलटं, माश्या, गुरांचा रोग या पहिल्या पाच पीडांनंतर देवानं मन कठीण केलं असं एकदाही म्हटलेलं नाही. एक तर मन आपोआप घट्ट राहिलं, नाहीतर फारोनं ते स्वतः जड केलं. सहाव्या पीडेनंतर, अंगावर फोड येतात तेव्हा, पहिल्यांदा वाक्य येतं: परमेश्वरानं फारोचं मन कठीण केलं. आधी जे सांगितलं होतं ते भाकीत होतं, अंमल पाच संधी वाया गेल्यावर.

हे उत्तर खूप शिक्षक देतात आणि ते चुकीचं नाही. पण ते जरा जास्तच नीटनेटकं आहे. सातव्या पीडेनंतर, म्हणजे गारा थांबल्यावर, पुन्हा फारो स्वतःच मन जड करतो (९:३४), आणि लगेच दुसऱ्या वाक्यात देव म्हणतो, ते मीच जड केलंय (१०:१). एकाच कृतीचे दोन कर्ते, तेही एकमेकांना खेटून. अभ्यासकांपैकी बरेच जण म्हणतात की इथे दोन-तीन जुन्या परंपरा एकत्र शिवलेल्या आहेत. एका परंपरेचा आवडता शब्द ‘जड’, दुसरीचा ‘घट्ट’. असेलही. पण शिवणाऱ्याला टाका दिसत होता, आणि तरीही त्यानं तो तसाच ठेवला.

आपल्याकडे ‘विनाशकाले विपरीत बुद्धी’ म्हणतात. महाभारतात उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो की देव ज्याचा पराभव ठरवतात त्याची बुद्धी हिरावून घेतात. मराठी वाचक फारोची गोष्ट या म्हणीच्या चष्म्यातून वाचतो आणि चटकन मान डोलावतो. फरक एवढाच की म्हणीत विनाशाची वेळ आधी ठरलेली असते आणि बुद्धी नंतर फिरते. निर्गमात फारोची बुद्धी पहिल्या दिवसापासून ठीकठाक काम करते आहे. तो घासाघीस करतो आणि तीही पट्टीच्या व्यापाऱ्यासारखी. आधी म्हणतो, उपासना इथेच करा. मग, जा पण लांब नको. मग, फक्त पुरुषांनी जा. मग, बायका-पोरं न्या पण गुरं ठेवा. प्रत्येक वेळी एक पाऊल मागे, पण मूठ काही उघडत नाही. बुद्धी गेलेल्या माणसाला असा सौदा जमत नाही.

आणि त्याच्याभोवतीची माणसं बदलत होती. तिसऱ्या पीडेलाच त्याचे जादूगार म्हणाले, यात देवाचं बोट आहे. गारांचा इशारा मिळाल्यावर त्याच्याच काही अधिकाऱ्यांनी आपले चाकर आणि गुरं आत घेतली. टोळांच्या वेळी दरबारी त्याच्या तोंडावर बोलले: मिसरचा सत्यानाश झालाय, हे अजून तुमच्या लक्षात येत नाही का?

गारांच्या वेळी तर फारो स्वतः कबुली देतो. “या वेळी मी पाप केलं. परमेश्वर न्यायी आहे, मी आणि माझे लोक दोषी.” ‘न्यायी’ हा शब्द, हिब्रूत ‘त्साद्दीक’, या सगळ्या प्रकरणात देवाला लावला जातो तो आरोपीच्याच तोंडून. आणि ‘या वेळी’ हे दोन शब्द त्या कबुलीचं पाणी जोखतात. मोशेही फसत नाही. तो म्हणतो, हात पसरून प्रार्थना करतो, गारा थांबतील, पण तुम्ही अजून देवाला भीत नाही हे मला ठाऊक आहे. मग लेखक शेतकऱ्याच्या नजरेनं एक ओळ टाकतो, जवस आणि सातू झोडपले गेले कारण ते पिकात होते, गहू मात्र उशिरा येतो म्हणून वाचला. म्हणजे अजून गमवायला काहीतरी शिल्लक होतं. फारोनं तेही पाहिलं असणारच.

जड मन आणि पीस

‘काबेद’, म्हणजे जड, हा शब्द लेखकानं गोष्टभर खेळवलाय. मोशे सुरुवातीला देवाला सांगतो की मी जड तोंडाचा, जड जिभेचा माणूस आहे, मला कशाला पाठवतोस. फारो गुलामांबद्दल हुकूम देतो, यांच्यावरचं काम जड करा. मग त्याचं मन जड होतं. माश्यांचे थवे, गुरांचा रोग, गारा, टोळ यांनाही तेच विशेषण. आणि समुद्राकाठी देव म्हणतो, फारोकडून मी माझा गौरव करून घेईन. ते क्रियापदही याच धातूचं, कारण हिब्रूत ‘काबोद’ म्हणजे गौरव, वजन. मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. गुरु म्हणजे जड, आणि गौरव त्यातूनच आलेला. तेव्हा गोष्टीतला झगडा असा मांडता येईल: या देशात वजन कोणाचं?

यात मिसरची एक आतली खूण असावी असं काही अभ्यासकांना वाटतं. मिसरी समजुतीप्रमाणे मेल्यावर माणसाच्या हृदयाचं वजन होई. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आनी नावाच्या लेखनिकाची पपायरसची गुंडाळी आहे, इ.स.पू. १२५० च्या सुमाराची. तिच्यात तो तराजू चितारलेला आहे. एका पारड्यात आनीचं हृदय, दुसऱ्यात मात देवीचं पीस. मात म्हणजे सत्य, न्याय, जगाची घडी. बाजूला अम्मित नावाचा प्राणी वाट बघत बसलाय, तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदय तोलात उतरलं नाही तर ते त्याचं. लोक ममीच्या छातीवर भुंगेऱ्याच्या आकाराचा दगड ठेवत आणि त्यावर मंत्र कोरत: माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस.

आता या देशाच्या राजाबद्दल, ज्याचं मुख्य काम मातची घडी सांभाळणं असं मानलं जाई, एखादा परका लेखक वारंवार लिहितो की याचं हृदय जड आहे. मिसरी रिवाज जाणणाऱ्याला तो टोला बसला असता. लेखकाच्या मनात हे होतं असं सिद्ध करता येत नाही, पण मला ते पटतं. तसं असेल तर ‘मन जड होणं’ हे शिक्षेआधी लागलेला निकालच आहे.

मग देवानं नेमकं काय केलं?

या प्रश्नावर यहुदी आणि ख्रिस्ती पंडित दोन हजार वर्षं भांडताहेत.

तिसऱ्या शतकात पॅलेस्टाईनमध्ये यहुदी धर्मगुरू रब्बी योहानान म्हणाले की ही वचनं पाखंड्यांना आयतं कोलीत देतात. ते म्हणतील, फारोला पश्चात्तापाची संधीच नव्हती. त्यावर त्यांचे मेहुणे रेश लाकिश म्हणाले, देव एकदा बजावतो, दोनदा, तीनदा. तरी माणूस वळला नाही की मग त्याच्यावर पश्चात्तापाचं दार बंद करतो. फारोला पाच वेळा निरोप गेला होता. रेश लाकिश हे तालमुद या यहुदी धर्मग्रंथातल्या आख्यायिकेप्रमाणे आधी दरोडेखोर होते आणि योहानानांमुळेच वळले. दार उघडं असताना आत आलेल्या माणसानं दार बंद होण्याबद्दल बोलावं, याला वेगळं वजन आहे.

बाराव्या शतकात मैमोनिदीस या यहुदी तत्त्वज्ञानं याच विचाराला कायद्याची शिस्त लावली. माणूस स्वतःच्या इच्छेनं इतकं मोठं पाप करतो की पश्चात्तापाची शक्ती काढून घेणं हीच त्याची शिक्षा ठरते. इच्छास्वातंत्र्य होतं, ते वापरलं गेलं, नंतर जप्त झालं. सोळाव्या शतकातल्या इटलीत ओवादिया स्फोर्नो अगदी उलट बाजूनं आले, आणि मला त्यांचा युक्तिवाद सगळ्यांत चतुर वाटतो. हाझाक म्हणजे बळ देणं ना? मग देवानं फारोला बळच दिलं. इतक्या पीडांखाली कोणीही निव्वळ दुखण्यापोटी शरण आलं असतं. ती शरणागती खरी नसती. देवानं त्याला सोसायची ताकद दिली, म्हणजे तो जे ठरवील ते मनापासूनचं असेल. मारून घेतलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, तसंच हे.

ख्रिस्ती बाजूला तिसऱ्याच शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिगेननं एक दाखला दिला, तो आजही उपदेशांत ऐकू येतो. एकच सूर्य मेण वितळवतो आणि चिखल वाळवून कडक करतो. फरक सूर्यात नाही. या दाखल्यात मला नेहमी मोशेच्या लोकांनी पाडलेल्या विटा दिसतात. त्या भाजलेल्या नव्हत्या, चिखल आणि पेंढा कालवून मिसरच्या उन्हात वाळवलेल्या. फारोची गोदामाची शहरं ज्या विटांनी उभी राहिली त्या कडक करणारं ऊन आणि ओरिगेनचा सूर्य, दोन्ही एकच. ऑगस्टीननं (इ.स. ३५४–४३०) आणखी वेगळं सांगितलं. देव कोणाच्या मनात वाईट घालत नाही, तो फक्त दया रोखून धरतो. मग माणूस स्वतःच्या वजनानं खाली जातो. यावर विचारता येतं की, एकाला दया आणि दुसऱ्याला नाही, असं का? ऑगस्टीन म्हणतो, ते आपल्याला कळणार नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे, समाधानकारक नाही.

१५२४ मध्ये इरॅस्मस या डच पंडितानं इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडताना ओरिगेनचा आधार घेतला. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरनं त्याला सणसणीत उत्तर दिलं. ल्यूथरचा दाखला घोड्याचा आहे. स्वार चांगला, घोडा लंगडा. स्वार घोड्याला चालवतो, म्हणून तो चालतो. लंगडतो मात्र स्वतःच्या पायामुळे. देव सगळ्यांनाच हलवतो, फारोला हलवतो तेव्हा तो फारोसारखाच हलतो. घोडा लंगडा झाला कसा, एवढं सोडून सगळं या दाखल्यात बसतं.

पौलाचा कुंभार

आता पौल. इ.स. ५७ च्या सुमारास रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, नवव्या अध्यायात, तो फारोचा दाखला देऊन म्हणतो की देव ज्याच्यावर हवी त्याच्यावर दया करतो आणि ज्याचं हवं त्याचं मन कठीण करतो. मग विरोधकाचा प्रश्न स्वतःच विचारतो: असं असेल तर देव दोष का लावतो? आणि उत्तर काय, तर: अरे माणसा, देवाला उलट बोलणारा तू कोण? घडवलेलं भांडं कुंभाराला विचारतं का, मला असं का केलंस?

बहुतेक लोक इथे वाचायचं थांबवतात. एकतर भक्तीनं मान खाली घालतात किंवा रागानं पुस्तक मिटतात. पण कुंभाराची ती प्रतिमा पौलाची स्वतःची नाही. ती यिर्मया संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायातही आहे, आणि तिथे कुंभाराच्या चाकावर भांडं बिघडतं तेव्हा तो माती फेकत नाही, त्याच गोळ्याचं दुसरं भांडं घडवतो. देव तिथे उघड म्हणतो की एखाद्या राष्ट्राचा नाश करायचं मी ठरवलं आणि ते आपल्या वाईटपणापासून वळलं, तर मीही माझा बेत बदलीन. ओली माती आहे तोवर चाक फिरतंय. पौलाच्या वाचकांपैकी जे यहुदी होते त्यांना हा अध्याय पाठ असणार. आणि पौल पुढे अकराव्या अध्यायात सांगतो की इस्राएलाचं मन कठीण होणं हे काही अंशी आणि काही काळापुरतं आहे, आणि शेवट सगळ्यांवर दया करण्यात आहे. नवव्यापाशी थांबून अकरावा न वाचणं म्हणजे निकालाचं अर्धं पान वाचून कोर्टातून बाहेर पडणं.

तिथे ‘कठीण होणं’ यासाठी त्यानं वापरलेला ग्रीक शब्द ‘पोरोसिस’ वैद्यांच्या वापरातला आहे. मोडलेलं हाड सांधताना जी गाठ धरते ती, किंवा हाताला पडणारे घट्टे. घट्टा एका दिवसात पडत नाही. तो घासून घासून पडतो, आणि पडला की मग तिथे टोचलेलं कळत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात हाच शब्द येशूच्या शिष्यांसाठी आहे. पाच हजारांना भाकरी वाटून झाल्यावरही त्यांना काही उमगलं नव्हतं, त्यांची मनं कठीण झाली होती. म्हणजे हा खलनायकांचा खास रोग नाही.

जुन्या करारात लोकांची तक्रारही जपलेली आहे. यशयाच्या त्रेसष्टाव्या अध्यायात लोक देवालाच विचारतात, आमची मनं तू का कठीण करतोस? उलट पहिल्या शमुवेलात पलिष्टी लोकांचे पुजारी, म्हणजे परधर्मी लोक, आपल्याच माणसांना बजावतात, मिसरी लोकांनी आणि फारोनं मनं कठीण केली तशी तुम्ही करू नका. मन कठीण करणारा म्हणून त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही. फारोनं केलं, संपलं. बायबल दोन्ही साक्षी नोंदवतं आणि उलटतपासणी घेत नाही.

जात्यामागची दासी

इतका वेळ आपण फारोला न्याय मिळाला का, याचीच चर्चा केली. मला या गोष्टीत खरी खुपणारी जागा वेगळी आहे. दहाव्या पीडेची घोषणा करताना मोशे म्हणतो की सिंहासनावरच्या फारोच्या पहिल्या मुलापासून जात्यामागे बसलेल्या दासीच्या पहिल्या मुलापर्यंत सगळे मरतील. पुढे, ती रात्र उजाडते तेव्हा, तुरुंगातल्या कैद्याच्या मुलाचाही उल्लेख आहे. दासीनं कोणाचं मन कठीण केलं होतं? ती तर स्वतःच दळण दळत होती. कोणी म्हणतं, इस्राएली मुलगे नदीत टाकले त्याचा हा हिशेब. कोणी म्हणतं, राजाच्या हट्टाची किंमत रयत मोजते, जगाची रीतच आहे. दोन्ही खरं, आणि दोन्हींनी त्या बाईचं मूल परत येत नाही. मजकूर तिची बाजू मांडत नाही, पण तिला वगळतही नाही. राजापाठोपाठ तिचं नाव घेतो.

यहुदी परंपरेला हे टोचलेलं दिसतं. मिसरातल्या सुटकेची आठवण जागवणाऱ्या वल्हांडणाच्या सणाला, सेदेरच्या जेवणात, दहा पीडांची नावं घेताना प्याल्यातला द्राक्षारस थेंबथेंब बाहेर काढतात. त्याचा एक रूढ अर्थ असा की शत्रूंना भोगावं लागलं म्हणून आपला आनंदाचा प्याला तेवढा कमी. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी या सणाची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. म्हणजे फारोच्या जड मनाची ही कथा घरोघरी, कुटुंब जेवायला बसलेलं असताना, मराठीत वाचण्याची सोय दीडशेहून अधिक वर्षांपासून आहे. तालमुदात तर असंही आहे की मिसरी सैन्य बुडालं तेव्हा देवदूत गायला लागले, आणि देवानं त्यांना अडवलं: माझ्या हातची लेकरं समुद्रात बुडताहेत आणि तुम्ही गाणी म्हणता?

त्या समुद्रापर्यंत गोष्ट जाते कशी, हे पाहण्यासारखं आहे. मोठा मुलगा गेल्यावर फारोनं त्या रात्रीच सगळ्यांना सोडलं होतं. जाता जाता मलाही आशीर्वाद द्या, म्हणाला होता. चौदाव्या अध्यायात देव म्हणतो, मी त्याचं मन घट्ट करीन, तो पाठलाग करील. आणि लगेच पुढच्या वाक्यात कारण येतं, अगदी मातीवरचं. लोक पळाले अशी बातमी मिळते आणि फारोचं आणि त्याच्या दरबाऱ्यांचं मन पालटतं. हेच दरबारी टोळांच्या वेळी त्याला समजावत होते. आता ते म्हणतात, “हे आपण काय करून बसलो? आपल्या चाकरीतून इस्राएलाला जाऊ दिलं!” विटा कोण पाडणार, हा हिशेब त्यांना शोकाचे दिवस सरायच्या आतच आठवला.

फारो स्वतः रथ जुंपतो. सहाशे निवडक रथ घेतो, शिवाय मिसरातले बाकीचे सगळे. समुद्राच्या तळावर पहाटेच्या प्रहरी त्या रथांची चाकं गचकतात आणि ते रेटून रेटून, जड जड चालू लागतात. हिब्रूत तिथे शब्द आहे ‘बिखवेदूत’. धातू तोच, काबेद.